अजगराची पेटी आणि ‘योग्य’ उष्णतामान

सर्पांना ‘थंड रक्ताचे प्राणी’ म्हणण्याची रूढी जुनी असली तरी ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. सर्पाचे रक्त स्वभावतः थंड नसते. त्याच्या शरीराची उष्णता मुख्यतः परिसरातून येते, इतकेच. ऊन खाणाऱ्या सर्पाचे रक्त चांगले उष्ण असू शकते. म्हणून ‘बाह्योष्णी’ ही संज्ञा अधिक अन्वर्थक होय. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे; पाळीव अजगराचे आरोग्य त्यावर अवलंबून असते.

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ ही अजगराची जात युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. तिच्या पेटीचे योग्य उष्णतामान कोणते, असे विचारले जाते. परंतु या प्रश्नातील एकवचनच सदोष आहे. निसर्गात हा प्राणी बीळ, सावली व ऊन यांत जागा बदलून आपले शरीर तापवितो वा निववितो. पेटीत त्याला ही मोकळीक मिळावयाची तर एका टोकास सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस व दुसऱ्या टोकास २५ ते २७ अंश अशी उतरण राखावी लागते. दोन्ही टोकांस आडोसाही हवा. नाहीतर हा भित्रा प्राणी उष्णतेची गरज असूनही आडोशातच बसून राहतो.

उष्णता अपुरी पडल्यास पचन मंदावते, गिळलेले भक्ष्य उलटून पडते व श्वसनमार्गाचे विकार जडतात. अतिरेकही तितकाच घातक ठरतो. तापलेल्या पृष्ठभागावरून सर्प वेळीच दूर होतोच असे नाही. त्यामुळे अनियंत्रित तापकावर त्याचे पोट गंभीरपणे भाजते. यास्तव थर्मोस्टॅट अपरिहार्य होय, आणि उष्णतामान मोजावयाचे ते पेटीच्या वरच्या भिंतीवर नव्हे, तर सर्प प्रत्यक्ष जेथे पहुडतो तेथे.

‘बाह्योष्णी’ या संज्ञेलाही अपवाद आहे. ब्रह्मी अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायूंच्या आकुंचनाने स्वतः उष्णता निर्माण करते, हे हचिसन, डाउलिंग व विनेगर यांनी १९६६ मध्ये मोजून दाखविले. बॉल पायथनच्या मादीस मात्र ही शक्ती नाही.

भारतीय अजगरास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने तो घरी पाळता येत नाही. तरी प्राणिसंग्रहालयात वा उपचारकेंद्रात त्याला ठेवताना हेच तत्त्व लागू पडते. पेटीतील प्राण्यास एकच आकडा देणे म्हणजे त्याची निवड हिरावून घेणे होय.