रात्री कोण उठतं?

आज आपण पेशंटबद्दल नाही, त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाबद्दल बोलू. आपल्याकडे ती बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी असते. सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक तिला भेटतात, नाही असं नाही. पण भेट होते ती कागदपत्रांसाठी, पैशांच्या मदतीसाठी. तिची स्वतःची चौकशी राहूनच जाते.

समजा, सासऱ्यांना पक्षाघात झाला, एक बाजू गेली आणि ते घरी आले. डिस्चार्जच्या वेळी सांगितलं जातं, की दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. सूचना बरोबरच आहे. पण हिशेब करून बघा. रात्री १० ला झोपवलं, की १२, २, ४ ला उठायचं आणि ६ ला दिवस सुरू. सलग दोन तास झोप नाही, आणि हे रोज. महिन्याभरानं ही बाई सासऱ्यांवर खेकसली, की आपण तिला चिडकी ठरवतो आणि वर सल्ला देतो, ‘स्वतःकडे लक्ष द्या, योगासनं करा.’ कधी करायची तिनं?

म्हणून ‘ताण येतो का?’ असं विचारूच नका. ‘छे, आमचं कर्तव्यच आहे’ हेच उत्तर येणार. शेजारी नवरा उभा असेल तर नक्कीच. तिला बाजूला घेऊन विचारा: रात्री कोण उठतं? सलग किती झोप होते? तुमची बीपीची गोळी शेवटची कधी घेतलीत? मोजायचंच असेल तर झारिट यांची प्रश्नावली आहे. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. उपयोगी आहे, पण आकडा फाइलमध्ये लिहून थांबलात, तर तिची एक रात्रही सुटत नाही.

रात्र सुटते ती घरच्यांना एकत्र बसवल्यावर. तिथे कुरकुर होणारच. दुसऱ्या गावचा दीर म्हणतो, ‘मी पैसे पाठवतो.’ उत्तम, मग त्या पैशांतून आठवड्याच्या दोन रात्री ब्यूरोची बाई. शनिवारची रात्र नवऱ्याची. ‘पुरुषांना हे जमत नाही’ म्हणतात, पण जमतं. चादर धरून कूस कशी बदलायची हे वॉर्डातल्या सिस्टर दाखवतात, तेव्हा पुढे नवऱ्याला उभं करा. हवेची गादी भाड्यानं मिळते. तिनं कूस बदलणं टळत नाही, पण रात्रीचं अंतर थोडं वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं.

‘हात उगारला गेला’ किंवा ‘नको झालंय जगणं’ असं ती बोलली, तर उपदेश नको. त्याच दिवशी मदत उभी करा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि ठरवलेल्या पाळ्या दोन-तीन आठवड्यांत मोडतात, हे धरूनच चाला. तेव्हा फोन करायचा, तो तिलाच.