ओढ्याकाठची भरड जमीन

माळशिरस तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा नदी वाहते. शंभूमहादेवाच्या डोंगररांगांकडून येणारे ओढे तिला मिळतात. पूर आला म्हणजे ओढा दगडगोटे, वाळू व माती आपल्याबरोबर वाहून आणतो. पाण्याचा वेग मंदावला, की जड गोटे प्रथम खाली बसतात. हलकी माती मात्र पुढे वाहत जाते. कालांतराने ओढा आपले पात्र अधिक खोल कोरतो आणि त्याचा जुना तळ काठावर पायरीसारखा उंच राहतो. ही पायरी म्हणजेच ओढ्याकाठची भरड जमीन.

या जमिनीवर घागरभर पाणी ओतले, तर ते खड्यांमधील फटींतून पाहता पाहता खाली झिरपते. काळ्या जमिनीचे कण अतिशय बारीक असल्यामुळे तीत ओल दीर्घकाळ टिकते. म्हणून पावसाने ओढ दिली, की भरड जमिनीतील पीक आधी माना टाकते. झिरपत्या पाण्याबरोबर खताचा कसही निघून जातो.

परंतु हाच दोष प्रसंगी गुण ठरतो. कालव्याचे पाणी बेसुमार दिल्यास काळी जमीन चिबड होते व मुळे गुदमरतात. भरड जमिनीत पाणी साचत नाही. डाळिंबाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून या झाडाला ती मानवते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

जाणता शेतकरी अशा जमिनीत शेणखत घालतो आणि पाणी थोडे थोडे, पण वारंवार देतो. जमिनीला नावे ठेवण्यापूर्वी तो तिचा स्वभाव ओळखतो.