फ्यूज उडाला? बरंच झालं!

शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद, शनिवारी पहाटे बाइक चालू! आमच्या ऑफिसातल्या निम्म्या जनतेचा हाच वीकेंड प्लॅन. माझाही. मागच्या पावसाळ्यात मात्र ताम्हिणी घाटात माझ्या बाइकचा मेन फ्यूज उडाला. स्पेअर घातला, तोही उडाला. शेवटी रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा ठोकला. 'साहेब, आता उडतोय कुठला!'

खरंच नाही उडाला. थोडं पुढे गेलो आणि सीटखालून धूर यायला लागला. मागे बायको, पुढ्यात पेट्रोलची टाकी! इंजिन बंद करून फ्यूज उपटला, तेव्हा हात थरथरत होते.

झालं होतं एवढंच, की रेग्युलेटरकडून बॅटरीकडे जाणारी चार्जिंगची वायर फ्रेमला घासून सोलली होती आणि पावसात शॉर्ट होत होती. बिचारा १५ चा फ्यूज तेच ओरडून सांगत होता. ३० च्या फ्यूजने त्याचं तोंड बंद केलं आणि मग त्याच्याऐवजी वायर जळली.

म्हणजे काय, तर फ्यूज असतो तो वायर वाचवायला. त्याचं गणितही सोप्पं आहे. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. माझा अल्टरनेटर १६० वॉटचा, चार्जिंग साधारण १४ व्होल्टवर. उत्तर साडेअकराच्या आत. त्याच्या सव्वापट धरा, की आलं चौदाच्या वर. बाजारात त्यापुढचा फ्यूज १५ चा. कंपनीने उगाच नव्हता दिला! वायर मात्र फ्यूजपेक्षा जास्त करंट सोसणारी हवी. मोठा फ्यूज हवाच असेल, तर आधी वायर जाड करा.

फॉग लॅम्प लावायचेत? २० वॉटचे दोन म्हणजे १२ व्होल्टला सव्वातीन अँपिअरच्या आसपास. त्यांना ५ चा वेगळा फ्यूज द्या, तोही बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ. लांब बसवलात, तर मधली वायर उघड्यावरच!

आता माझ्या टूलकिटमध्ये १५ चे चार स्पेअर असतात. एक उडाला तर बदलतो. दुसराही उडाला, तर गाडी बाजूला घेतो, चहा मागवतो आणि सोललेली वायर शोधतो. वीकेंड काय, पुढच्या शनिवारीही येतो!