चंद्रावतीचं रामायण

रामकथा म्हटली की आपण अयोध्येपासून सुरुवात करतो: दशरथ, तीन राण्या, पुत्रकामेष्टी. सोळाव्या शतकातली बंगाली कवयित्री चंद्रावती थेट लंकेत, मंदोदरीच्या महालात शिरते. रावण जिंकून आणलेल्या स्त्रियांसोबत अशोकवनात रमला आहे. ऋषींचं रक्त एका पात्रात भरून, हे विष आहे असं सांगून, त्यानं ते मंदोदरीकडे ठेवायला दिलेलं असतं. नवऱ्याच्या वागण्यानं जीव नकोसा झालेली मंदोदरी ते पिऊन टाकते. ती मरत नाही, तिला गर्भ राहतो आणि ती एक अंडं प्रसवते. यातून लंकेचा नाश ओढवणार, असं भाकीत होतं. रावण ते नष्ट करायला निघतो, आई आडवी येते. मग ते पेटीत घालून समुद्रात सोडतात आणि माधव नावाच्या गरीब कोळ्याच्या हाती लागतं. त्याची बायको सता ते जनकाच्या राणीला नेऊन देते. मुलगी झाली तर तिला माझं नाव द्या, एवढंच तिचं मागणं. सतावरून सीता. राम जन्माला येतो तो या सगळ्यानंतर.

चंद्रावती आजच्या बांगलादेशातल्या किशोरगंज भागातली. वडील द्विज बंशीदास मनसादेवीची आख्यानं रचणारे कवी. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्या जयानंदानं ऐनवेळी दुसरीशी लग्न केलं, चंद्रावतीनं लग्नच न करण्याचा निश्चय केला, वडिलांनी तिला शिवमंदिर बांधून दिलं आणि रामायण रचायला सांगितलं, अशी कथा तिच्यावरच्या गाथागीतात आहे. किशोरगंजजवळ तिच्या नावाचं शिवमंदिर आजही दाखवतात. तिच्याविषयी बोलताना बहुतेक जण या प्रेमभंगापाशीच रेंगाळतात, याचं मला वाईट वाटतं. ती थोर ठरते ती तिच्या काव्याच्या मांडणीमुळे.

ही मांडणी नीट पाहायला हवी. लंकेहून परतलेली सीता सख्यांमध्ये बसून आपली कहाणी सांगते, तीही बारमाशीच्या ढंगात, एकेक महिना घेत. वनवास, हरण, अशोकवनातले दिवस तिच्या तोंडून येतात. ज्या युद्धावर इतर कवींनी आख्खं कांड खर्ची घातलं, ते इथे मोजक्या ओळींत उरकतं. सीतेनं ते पाहिलेलंच नाही, तिला ते स्वप्नात दिसतं. बाईनं जे भोगलं त्याला ऐसपैस जागा द्यायची आणि पुरुषांचा पराक्रम जाता जाता सांगायचा, एवढ्या एका निर्णयानं सगळी रामकथा हलते.

पुढे कैकेयीची मुलगी कुकुया येते. सीता पाच महिन्यांची गरोदर. रावण कसा दिसायचा ते काढून दाखव, म्हणून कुकुया हट्ट धरते. मी तर त्याची पाण्यातली सावलीच पाहिली, असं सीता सांगते, पण नणंद ऐकत नाही. शेवटी सीता ताडाच्या पंख्यावर चित्र काढते आणि थकून झोपी जाते. कुकुया तो पंखा तिच्या छातीवर ठेवते आणि रामाला बोलावून आणते.

ही चित्राची गोष्ट आपल्याकडेही आहे. मराठी लोककथेत कावा कैकेयीचा. सीतेनं रावणाचा नुसता अंगठा पाहिलेला, ती तेवढाच काढते आणि उरलेला रावण कैकेयी पुरा करते. जात्यावरच्या ओव्यांतून सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो. रानात रडणाऱ्या सीतेची समजूत घालायला तिथे कुणी ऋषी येत नाहीत, बोरी-बाभळी येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तारा भवाळकरांनी ‘सीतायन’मध्ये लोकपरंपरेतल्या याच सीतेचा माग घेतला आहे. सासुरवाशिणीला सीतेचं दुःख समजावून सांगावं लागत नव्हतं. घरातल्याच माणसानं घातलेला संशय तिच्या ओळखीचा होता.

चंद्रावतीचं रामायण चंद्रकुमार दे यांनी मैमनसिंहच्या खेड्यांतून मिळवलं आणि दिनेशचंद्र सेन यांनी 1932 साली ‘पूर्ववंग गीतिका’त छापलं. पण पंडितांनी ते अपुरं, कच्चं काव्य म्हणून बाजूला सारलं. रामाचं शौर्य नाही, त्याची स्तुती नाही, मग याला रामायण कसं म्हणायचं? पुढे नवनीता देव सेन यांनी त्याला सीतेची कथा म्हणून वाचलं आणि बंगाली, मैथिली, तेलुगू, मराठी बायकांच्या रामगीतांशेजारी ठेवलं. तसं वाचलं की ते कुठेही अपुरं वाटत नाही. बाईच्या जन्माच्या, गरोदरपणाच्या, टाकून दिलं जाण्याच्या कहाणीला जे लागतं ते सगळं त्यात आहे.

पंखा पाहून राम संतापतो, तेव्हा चंद्रावती आपलं नाव घेऊन मध्ये बोलते. देवळात राहणारी, शिवाची पूजा करणारी ही बाई रामाला तोंडावर सुनावते, की दुसऱ्याचं ऐकून तू स्वतःचा सर्वनाश करून घेतो आहेस, तुझी बुद्धी गेली आहे. सीतेची बाजू घेताना तिनं ना देवाची भीड धरली, ना राजाची.