बीपीटीत आपलं कोण?

परवा बॅलार्ड इस्टेटमध्ये एका जुन्या क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत बसलो होतो. बोलता बोलता त्यानं विचारलं, "बीपीटीत आता आपलं कोण आहे हो?" मला एकही नाव सुचेना. तीस वर्षांपूर्वी हेच विचारलं असतं तर चहा निवेपर्यंत मी नावं सांगत बसलो असतो.

विस्मरण हे त्याचं कारण नव्हे. ३ नोव्हेंबर २०२१ पासून बंदरांचा नवा कायदा लागू झाला आणि मुंबई पोर्ट ट्रस्टचं, म्हणजे आमच्या जुन्या बॉम्बे पोर्ट ट्रस्टचं, बीपीटीचं, मुंबई पोर्ट अथॉरिटी झालं. पाटी बदलली त्याचं मला सोयरसुतक नाही. आम्ही व्हीटीला अजून व्हीटीच म्हणतो. पण त्या बदलात निवडून येणाऱ्या विश्वस्तांच्या खुर्च्याच उचलल्या गेल्या, ते झोंबलं.

ट्रस्ट स्थापन झाला १८७३ साली. पुढे प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, १९१४ चा अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. गोऱ्या व्यापाऱ्यांचं चेंबर आपली माणसं मंडळावर निवडून धाडायचं, नंतर देशी व्यापाऱ्यांनीही पाय रोवले. १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट सर्वांना पाठ आहे. १९७५ मध्ये हे बंदर १९६३ च्या केंद्रीय कायद्याखाली आलं. ही शंभर वर्षं इतिहासकारांना लखलाभ.

माझं दशक १९८८ ते १९९८ चं. मी एका दैनिकासाठी बंदराच्या बातम्या करायचो. अध्यक्ष-उपाध्यक्ष सोडून मंडळावर एकोणीसपर्यंत विश्वस्त असत. कस्टम, रेल्वे, संरक्षण दलांची माणसं सरकार नेमायचं. पण जहाजमालक, माल पाठवणारे, अगदी गलबतवालेसुद्धा, यांनी आपली माणसं निवडून द्यावीत अशी कायद्यातच सोय होती. कामगारांचे निदान दोन विश्वस्त असत. तेही नेमलेलेच, पण ज्या गोदीत एस. आर. कुलकर्णी आणि डॉ. शांती पटेल यांचा शब्द चालायचा, तिथे कामगारांच्या माणसाला नेमलेला म्हणून झिडकारायची कुणाची छाती नव्हती.

याला लोकशाही म्हणायचं धाडस मी करणार नाही. सिएटलच्या बंदराचे कमिशनर १९११ पासून तिथले मतदार थेट निवडतात, आज ते पाच आहेत. आपल्याकडे डोंगरीच्या किंवा शिवडीच्या माणसानं बंदरासाठी कधी मत दिलं नाही. आमची निवडणूक चेंबरांच्या खोल्यांत व्हायची आणि तीच ती घराणी पुन्हा पुन्हा यायची. तरी भांडण खरं असायचं. डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा दंड, माफ करायचं की नाही, भाडेपट्टा कुणाचा वाढवायचा, क्रेन घ्यायच्या तर कामगारांच्या गँगमधली माणसं किती ठेवायची, यावर तासन् तास जात. मी जिन्यात उभा राहायचो. जिंकलेला विश्वस्त घाईत असायचा. हरलेला थांबायचा आणि सगळं सांगायचा. माझ्या निम्म्या बातम्या हरलेल्यांनी दिल्या.

याच मंडळींवर माझा एक जुना राग आहे, तोही लिहून टाकतो. २६ मे १९८९ रोजी खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्या जमिनींसाठी १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. इकडचे विश्वस्त मात्र निवांत होते. मुंबईला पर्याय नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की बातमीत घालायचंही सोडून दिलं. एक सद्गृहस्थ तर पाच वर्षांत स्वतःचा माल शेव्याहून सोडवू लागले. विश्वस्तपद मात्र इथलंच मिरवत राहिले. युनियनवालेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. कंटेनरनं काम कमी होणार हे दिसत असूनही गँगमधला एक माणूस हलवायचा म्हटलं की वर्ष सरायचं. १९९४ मध्ये डॉक लेबर बोर्ड ट्रस्टमध्ये विलीन झालं, तोवर बरंच पाणी खाडीपलीकडे गेलं होतं.

मग १९९७ साली दर ठरवायला वेगळं प्राधिकरण आलं. दरपत्रक मंडळाच्या हातून सुटलं, तसा व्यापारी विश्वस्तांचा रसही. खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. माझ्या मते निवडून आलेला विश्वस्त तेव्हाच मेला. २०२१ मध्ये फक्त दाखला निघाला.

आता खरी मेख बघा. नव्या कायद्यानं दरांचं ते प्राधिकरण गुंडाळलं आणि दर ठरवायचा हक्क मंडळाला परत दिला. त्याच कायद्यानं दर भरणाऱ्यांना मंडळातून उठवलं. आता अकरा ते तेरा सदस्य: अध्यक्ष, उपाध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, कस्टम, केंद्राचा एक अधिकारी, दोन कर्मचारी प्रतिनिधी आणि दोन ते चार 'स्वतंत्र' सदस्य. कुणापासून स्वतंत्र, ते विचारू नये.

लहान मंडळ झटपट निर्णय घेतं म्हणतात. घेत असेल. मोठ्या मंडळानं तरी काय दिवे लावले? कंटेनर टर्मिनलसाठी प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भराव घालून बुजवल्या, त्या जुन्याच ट्रस्टच्या काळात. आणि ते टर्मिनल कधी धड चाललंच नाही. पण तेव्हा चुकीला विचारायला माणूस सापडायचा. आता पूर्व किनाऱ्यावरच्या सुमारे १,८०० एकरांचं काय करायचं याचा फैसला होणार आहे. दारूखान्यातला भाडेकरू, शिवडीतला गोदामवाला, माझा तो एजंट, यांनी निवडलेला एकही माणूस त्या टेबलाशी नसेल.

स्वतंत्र सदस्यांच्या दोन ते चार जागांपैकी एक, फक्त एक, बंदर वापरणाऱ्यांनी मतदानानं निवडलेल्या माणसाला द्या. त्यासाठी कायदाही बदलावा लागणार नाही. निवडून आलेलं नाव नेमणाऱ्यानं स्वीकारलं की झालं.