काळ्यावर पांढरे : संक्रांतीचे घरगुती शुभेच्छापत्र

मकर संक्रांत जवळ आली की टपालाच्या पाकिटातून चिमूटभर हलवा आणि एक छोटेसे शुभेच्छापत्र आप्तेष्टांकडे रवाना होई. भ्रमणध्वनीवरील संदेशांमुळे ही प्रथा क्षीण झाली. नोकरीनिमित्त दिल्ली, नोएडा वा गुडगाव येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी मात्र ती जपावी, असे एक सबळ कारण आहे. येथे वाढणाऱ्या मुलांना मराठी बोलता येते, पण लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आजी-आजोबांना स्वहस्ते लिहिलेल्या चार ओळी हा तो प्रसंग ठरू शकतो.

साहित्यासाठी जुन्या दिल्लीतील चावडी बाजार गाठावा. या नावामागे आपलाच ‘चावडी’ हा शब्द असल्याचे म्हणतात! कागदाच्या व लग्नपत्रिकांच्या या घाऊक पेठेत २००५ पासून मेट्रोही पोहोचली आहे. जयपूरजवळील सांगानेरच्या कागझी कारागिरांनी सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हातकागद दिल्लीत सहज मिळतो. महाराष्ट्रालाही ही कला परकी नाही. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात दिल्लीची राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा सोबत आलेल्या कारागिरांनी तेथील कागजीपुऱ्यात कागद करण्यास प्रारंभ केला, असे परंपरा सांगते. पुण्यात गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली.

दुकानात शिरल्यावर मात्र खरी कसोटी लागते. घरगुती शुभेच्छापत्रे बहुधा कौशल्याच्या अभावी बिघडत नाहीत. रंगांच्या गर्दीने बिघडतात. म्हणून रंग आधी ठरवावेत, कागद नंतर घ्यावा. संक्रांतीने ही निवड आपल्यासाठी आधीच करून ठेवली आहे : काळी चंद्रकळा, तिच्यावर हलव्याचे शुभ्र दागिने आणि हळदी-कुंकवाचा पिवळा व लाल. काळा भरपूर, पांढरा मोजका आणि उरलेले दोन अगदी नखाएवढे, हे प्रमाण सांभाळावे. चारही रंग सारख्याच मापाने वापरले तर नजर कुठेच ठरत नाही. चमकीचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

पांढऱ्यासाठी दाट पोस्टर कलर घेऊन काडेपेटीतील काडीच्या मागच्या टोकाने ठिपके द्यावेत. ते हलव्याच्या दाण्यांसारखेच दिसतात. रंग पातळ असल्यास तो हातकागदात फुटतो. पाण्यात कालवलेली हळद काळ्यावर उठत नाही, म्हणून ती पांढऱ्या कागदाच्या तुकड्यावर लावून तो तुकडा चिकटवावा. त्याच हळदीत किंचित चुना मिसळला की ती लाल होते. पारंपरिक कुंकवाची कृती हीच. हे तुकडे सावलीत वाळवावेत, कारण उन्हाने हळदीचा रंग उडतो. मजकुरासाठी आत पांढरा कागद जोडावा आणि तो मुलांकडूनच लिहून घ्यावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आजीला खटकत नाहीत.

टपालाचे गणितही ध्यानात घ्यावे. २०० जीएसएमचा ए-फोर कागद साडेबारा ग्रॅम भरतो. आतला कागद आणि पाकीट धरता वजन वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्याच्या काठावर येते. १५० जीएसएमचा कागद घेतल्यास सुमारे तीन ग्रॅम वाचतात आणि तेवढ्यात थोडा हलवा मावतो. दाणे कागदी पुडीत एकाच थरात पसरावेत व तिकिटापासून दूर ठेवावेत. टपालाचा शिक्का तिथेच आपटतो.