छत्तीसवर थांबायचं

सकाळी ६.४५
मी परफ्युजनिस्ट. हृदय थांबवून शस्त्रक्रिया चालू असते तेव्हा रक्त फिरवणं, त्याला ऑक्सिजन देणं, ते गार-गरम करणं हे माझ्या पंपाचं काम. आज यादीत साठी उलटलेले एक काका आहेत, महाधमनीची झडप बदलायची आहे. (आपल्याकडे नुसती बायपास बरेचदा पंपाशिवाय होते, छाती उघडून झडप बदलायची तर मात्र पंप लागतोच.) मधुमेह जुना, मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.३. हा आकडा चार्टवर सगळ्यात वर लिहिते.

७.३०
सर्किट जोडून प्रायमिंग. सव्वा लिटरच्या आसपास द्रव भरायचा, बुडबुडा एकही ठेवायचा नाही. हाच द्रव पुढे काकांच्या रक्तात मिसळणार, रक्त पातळ होणार, हिमोग्लोबिन उतरणार. म्हणून नळ्या जमेल तितक्या आखूड कापते. वजन ६४ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. हिशेबाने फ्लो मिनिटाला ४.१ लिटर.

८.४५
भूल दिली. भूलतज्ज्ञ मॅडमनी तापमानाचे दोन प्रोब लावले, एक नाकातून घशाच्या वरच्या भागात, दुसरा मूत्राशयात. नाकातला आकडा पुढे धावतो, मूत्राशयातला रेंगाळत येतो.

९.४०
रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलं, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर गेला, पंप सुरू. पंधरा मिनिटांत ३२ अंश. शरीर एक अंशाने गार झालं की ऑक्सिजनची गरज सहा-सात टक्क्यांनी घटते. टोरांटोचे सर्जन बिगेलो यांनी १९५० मध्ये प्राण्यांवर हेच दाखवलं होतं, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये मिनेसोटात एका पाच वर्षांच्या मुलीचं हृदय याच गारठ्याच्या आधाराने उघडलं गेलं. त्या शस्त्रक्रियेत पंप नव्हता.

१०.१५
सर झडप बसवताहेत. माझी नजर फ्लो, हिमोग्लोबिन आणि लघवीच्या पिशवीवर. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त मूत्रपिंडांकडे जातो, पण त्यातलं बहुतेक बाहेरच्या थरालाच मिळतं. आतला गाभा खूप राबतो आणि ऑक्सिजनच्या बाबतीत एरवीही हातातोंडाची गाठ घालत असतो. गारठ्यात त्याची गरज कमी होते, म्हणून थंडी मूत्रपिंडांना राखते असं मानणं साहजिक होतं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी ते तपासून पाहिलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. ३४ अंशांवर ठेवल्याने मूत्रपिंडांचा फायदा दिसला नाही. उलट ३२ पर्यंत गार करून पंपावरच परत ३७ पर्यंत नेलेल्या रुग्णांत इजा जास्त दिसली. मला हे पटतं. गरम होताना गाभ्याची भूक लगेच परतते, रक्त मात्र अजून पातळच असतं. घात होतो तो या परतीच्या वाटेवर.

१०.५०
“रिवॉर्मिंग सुरू करा. किती वेळ?”
“वीस-पंचवीस मिनिटं, सर.”
“जरा लवकर होईल?”
“नको सर, क्रिएटिनिन १.३ आहे.”
सर मान हलवून टाके घालत राहतात. ३० अंशांच्या वर मिनिटाला अर्ध्या अंशापेक्षा वेगाने तापवू नये. मी वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी ठेवते. शरीरात जाणारं आणि पंपाकडे येणारं रक्त यांत दहा अंशांपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटतो. आणि ऑक्सिजनेटरमधून बाहेर पडणारं रक्त ३७ च्या वर जाता कामा नये, कारण मेंदू त्या आकड्याहूनही थोडा जास्त तापलेला असू शकतो. मूत्राशयाचा काटा ३४ वर अडला की हात हीटरकडे जातो. तो आवरायचा.

११.१५
नाकातला प्रोब ३६. इथे थांबायचं. मॅडमना काळजी असते आणि ती खरी आहे. पंप सुटला की हातापायांतली थंडी आत येते, तापमान पुन्हा घसरतं, गार रुग्णाचं रक्त लवकर गोठत नाही, नंतर थंडी वाजते. त्यावर उपाय गरम हवेचं ब्लँकेट आहे, रक्त आणखी तापवणं हा नाही. पंप बंद.

दुपारी ४.००
आयसीयूच्या दाराशी मुलगा विचारतो, “ताई, बाबांचं हार्ट कसं आहे?” चांगलं आहे, सरांनी सांगितलंच आहे. लघवीचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते की पुढचे दोन दिवस आमचं लक्ष तिकडेही आहे.

संध्याकाळी ७.३०
सिस्टरना सांगून निघते. लघवी सलग सहा तास तासाला ३२ मिलिलिटरच्या खाली राहिली तर मूत्रपिंडांना इजा धरायची. क्रिएटिनिन उशिरा बोलतं. ४८ तासांत १.६ वर गेलं तरी इजाच. पहिला नमुना सकाळी सहाला.
निघण्याआधी चार्टच्या समासात दोन गोष्टी लिहिल्या: बाहेर पडणाऱ्या रक्ताचं सर्वांत जास्त तापमान ३६.८, तापवायला लागलेला वेळ २४ मिनिटं. छापील चार्टवर यांना रकाने नाहीत. ते असायला हवेत, म्हणजे क्रिएटिनिन आलं की तिन्ही आकडे एकाच कागदावर दिसतील.